पेटीतली हवा

वसईच्या आमच्या घरी ओटीवरच्या भिंतीत, दाराच्या डाव्या-उजव्या अंगाला, दोन कोनाडे आहेत. आजोबांच्या काळी त्यांत कंदील ठेवीत. १९८७ सालापासून त्या कोनाड्यांत दोन सागवानी पेट्या विराजमान आहेत. पेट्या आमच्या बाबांनी केलेल्या, आणि त्यांच्या पोटात बसविलेले आठ-आठ इंची स्पीकर आम्ही दोघा भावांनी मुंबईहून आणलेले. थोरला त्या वेळी सतरा वर्षांचा होता, धाकटा चौदा. या पेट्यांतून गेली अनेक वर्षे गाणे ऐकू येई, शब्द स्पष्ट येत, बासरी सुरेख येई. येत नसे तो फक्त खर्ज. आता सांगावयाचे आहे ते या न येणाऱ्या खर्जाविषयी, आणि त्याच्या शोधात आम्हांस जे सापडले त्याविषयी.

बाबा पेशाने सुतार. तरुणपणी ते मुंबईत धोबीतलावाजवळच्या एका कारखान्यात कामाला जात. त्या भागात तेव्हा गोव्याकडील वादक मंडळींची बरीच वस्ती होती. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रंपेट, चेलो वाजविणारे कितीतरी कलावंत गोव्याचे, आणि सबॅस्टियन डिसोझांसारखे वाद्यवृंदरचनाकारही गोव्याचेच. त्यांच्यापैकीच कुणी एक अनाम वादक एके दिवशी आपला डबलबेस घेऊन कारखान्यात आला. वाद्याच्या कुशीला तडा गेला होता. तो तडा सांधण्याचे काम बाबांकडे आले. काम झाल्यावर त्या गृहस्थाने तिथेच उभे राहून जाड तार छेडली, आणि बाबा सांगत, 'सूर कानाला ऐकू यायच्या आधी पायाला लागला, जमीन बोलली.' तेव्हापासून कोणतेही गाणे लागले की बाबांचा कान त्याच्या तळाशी जाई. गाणारा कोण, शब्द कोणाचे, याची त्यांना फारशी चौकशी नसे. खाली कोण चालले आहे, हे ते ऐकत.

यास्तव १९८७ च्या पावसाळ्यानंतर आम्ही जेव्हा घरगुती स्टिरिओ करण्याचा घाट घातला, तेव्हा पेट्यांचे काम बाबांनी मोठ्या हौसेने अंगावर घेतले. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने स्पीकर बांधून देताना बजावले होते की, दीड घनफुटाहून लहान पेटी करू नका. दीड घनफूट म्हणजे सुमारे ४२ लिटर. परंतु कोनाडा केवढा, हे कोनाड्याने ठरविलेले होते. बाबांनी आतून १२ इंच उंच, १० इंच रुंद आणि ९ इंच खोल अशी पेटी बसविली. म्हणजे जेमतेम १८ लिटर. एका लग्नाच्या कपाटातून उरलेला साग, पाऊण इंच जाड. कोपऱ्यांचे सांधे दातांत दात घालून सरसाने पक्के केलेले, एकही खिळा नाही. स्पीकरच्या कडेखाली हवा निसटू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती. तारांना डाख देऊन जोडण्याचे काम तेवढे आमचे.

पहिल्या संध्याकाळी शेजारीपाजारी जमले. कॅसेट लागली. आवाज मोठा आला, सगळ्यांनी वाहवा केली. बाबा मात्र पेटीजवळ कान नेऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'खालचं कुठं गेलं?' आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, 'घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय.' आम्ही ॲम्प्लिफायरवरचे बेसचे बटण शेवटपर्यंत फिरविले. स्पीकरचा कोन नुसता थडथडू लागला, खर्ज काही उतरला नाही. तेव्हा आम्ही सर्व मंडळींसमक्ष मोठ्या जाणकाराच्या थाटात निकाल दिला: 'पेट्या लहान झाल्या. दुकानदाराने सांगितलंच होतं.' बाबा काही बोलले नाहीत. पुढे कुणी पाहुणा आला आणि त्याने पेट्यांच्या लाकडाची स्तुती केली, की बाबा स्वतःच म्हणत, 'लाकूड चांगलं आहे, पण माझ्याच्यानं लहान झाल्या.' हे वाक्य आम्ही बत्तीस वर्षे ऐकले.

आता पेटी लहान असली तर खर्ज का जावा, हे थोडे समजावून घेतले पाहिजे. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. पुढचा आणि मागचा सूर असे एकमेकांच्या उलट असतात. उंच सुरांचे काही बिघडत नाही, पण खर्जाच्या लाटा कित्येक फूट लांबीच्या. त्या उघड्या स्पीकरच्या कडेवरून वळून पाठीमागच्या लाटांना मिळतात आणि दोन्ही विझतात. म्हणून पाठीमागचा आवाज कोंडण्यासाठी पेटी हवी. पण कोंडलेली हवा स्वस्थ बसत नाही. ती स्प्रिंगसारखी वागते. कोन आत आला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर गेला की आत ओढते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ. प्रत्येक स्पीकरचा स्वतःचा एक डोलण्याचा वेग असतो. आमचा स्पीकर मोकळ्या हवेत सेकंदाला ५० वेळा डोलतो. त्याला १८ लिटरच्या पेटीत बसविले की तोच वेग ९५ वर जातो. या आकड्याच्या खाली स्पीकरचा आवाज झपाट्याने पडतो, दर सप्तकाला एक चतुर्थांश होत जातो. डबलबेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची. म्हणजे आमच्या पेटीतून ती तार प्रत्यक्षात जवळजवळ येतच नव्हती. येत होते ते तिचे वरचे उपस्वर. त्यांवरून आपले मन मूळ सूर जुळवून घेते, ही ईश्वराने मनुष्याच्या कानास दिलेली मोठीच सोय आहे. पण ज्याच्या पायाने एकदा जमीन बोललेली ऐकली, त्याला ती पुरी पडत नाही.

वर्षे गेली. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. पेट्या राहिल्या. आम्हां दोघांचे संसार झाले. २०१८ साली बाबांचे वय ७९ झाले आणि त्यांना हाक ऐकू येईना. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून कागदावर आलेख काढून दिला. डावीकडून, म्हणजे खालच्या सुरांकडून, रेघ बरीचशी सरळ येते आणि मध्यानंतर उतारावरून घसरल्यासारखी खाली जाते. म्हातारपणी उंच सूर आधी जातात, हे डॉक्टरांनी सांगितले. पाखरांची किलबिल, बासरी, 'स' आणि 'फ' ही व्यंजने, नातवंडांचे पातळ आवाज हे सगळे त्या उताराच्या तळाशी गेलेले होते. शाबूत होता तो खालचा भाग. श्रवणयंत्र आणले; बाबा ते सदऱ्याच्या खिशात ठेवीत आणि फक्त डॉक्टरांकडे जाताना कानात घालीत.

त्या आलेखाकडे पाहता पाहता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि आम्ही वरमलो. बाबांना कमी ऐकू येते म्हणून आम्ही वर्षभर आवाज वाढवीत होतो, वरचे सूर चढवीत होतो. म्हणजे जे त्यांच्यापाशी उरले नव्हते तेच त्यांना वाढून देत होतो. उरले होते ते खालचे, आणि नेमके तेच आमच्या घरातल्या पेट्यांत नव्हते.

आम्ही ठरविले की नवे, मोठे, तयार स्पीकर आणावयाचे. बाबांना सांगितले. ते म्हणाले, 'आणा. या लहानच झाल्या होत्या.' आणि थोड्या वेळाने, 'यांचं काय करणार?' त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पेट्या मोडून मोठ्या करणे शक्य नव्हते. ते सांधे उकलण्यासाठी नव्हतेच. कोनाडा मोठा होणार नव्हता. बाबांच्या हाताला आता रंधा पेलवत नव्हता. मग बाहेरून तसूभरही न वाढविता पेटी आतून मोठी करता येईल का, या वेडगळ दिसणाऱ्या प्रश्नापाशी आम्ही येऊन ठेपलो. आश्चर्य असे की त्याचे उत्तर 'थोडी येईल' असे आहे.

यासाठी सतराव्या शतकात जावे लागते. न्यूटनने १६८७ सालच्या आपल्या ग्रंथात ध्वनीचा हवेतील वेग गणिताने काढला, आणि तो प्रत्यक्षातल्या वेगापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी भरला. गणितात चूक नव्हती. हवा दाबली जाताना तिचे तापमान कायम राहते, हे गृहीत चुकीचे होते. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा अधिक ताठ होते आणि ध्वनी अधिक वेगाने धावतो. ही दुरुस्ती लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१६ साली केली. आता पेटीत जर बारीक तंतूंचे भरण सैलसर पसरले, तर हवा दाबली जाताना निर्माण होणारी ऊब हे तंतू शोषून घेतात आणि हवा विरळ होताना परत देतात. हवा तापत नाही, म्हणून तितकी ताठत नाही. पेटीच्या आत न्यूटनचे म्हणणे खरे होऊ लागते. हवेची स्प्रिंग ढिली पडते, आणि स्पीकरला वाटते की आपण मोठ्या पेटीत बसलो आहोत. पोथीतल्या हिशेबाने ही वाढ जास्तीत जास्त ४० टक्के. घरच्या भरणाने १५ ते २० टक्के पदरात पडले तरी पुष्कळ.

लहान बंद पेटी हा दोषच, अशी आमची समजूत होती तीही या निमित्ताने दूर झाली. अमेरिकेत एडगर विलचर नावाच्या गृहस्थाने १९५४ साली हेन्री क्लॉस यांच्या साथीने मुद्दाम लहान, हवाबंद आणि काचेच्या तंतूंनी भरलेली पेटी बाजारात आणली. त्याने कोनाची स्वतःची बांधणी इतकी ढिली ठेवली की कोनाला मागे आणण्याचे काम पेटीतल्या हवेनेच करावे. कपाटाएवढ्या पेट्यांचा खर्ज त्या छोट्या पेटीतून येऊ लागला. आमचे स्पीकर तसे ढिल्या बांधणीचे नव्हते, म्हणून तेवढा लाभ आम्हांस होणार नव्हता. पण या विलचरविषयी आणखी एक गोष्ट वाचनात आली ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्पीकरचा धंदा सोडल्यावर हाच माणूस श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळला. ज्याचे ऐकणे कमी झाले आहे त्याला सगळेच आवाज सारखे मोठे करून देऊ नयेत. हलके आवाज अधिक उचलावेत, मोठे कमी, आणि हे खालच्या व वरच्या सुरांसाठी निरनिराळे करावे, हा विचार त्याने १९७३ साली प्रसिद्ध केला आणि त्याचे एकस्व घेतले नाही. कुणीही वापरावा म्हणून मोकळा ठेवला. बाबांच्या खिशातल्या त्या यंत्राच्या आणि कोनाड्यातल्या पेटीच्या मुळाशी एकच माणूस निघावा, याची आम्हांस मौज वाटली. बाबांना सांगितले तर ते म्हणाले, 'मग त्यानं यंत्रसुद्धा लाकडाचं करायला हवं होतं.'

असो. आता प्रश्न भरण कशाचे करावे हा. बाबांची सूचना सावरीच्या कापसाची होती. वाडीच्या बांधावर झाड आहेच. पण कापूस आमच्या दमट हवेत पाणी धरतो, दबून पेटीच्या तळाशी बसतो आणि त्याला कसर लागते. काचेचे तंतू, ज्याला ग्लासवूल म्हणतात, ते कामगिरीने उत्तम. कारण तंतू जितका बारीक तितकी ऊब शोषणे चांगले. परंतु ते अंगाला खाजते आणि त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नये, म्हणून लहान मुलांच्या घरात आम्ही ते टाळले. लांब धाग्याची लोकरही फार चांगली. इंग्लंडात १९६५ साली आर्थर बेली यांनी तिचा पेट्यांसाठी उपयोग केला होता. ती वसईच्या बाजारात मिळेना. शेवटी उशांत भरतात तो पॉलिएस्टरचा पांढरा फायबर घ्यावयाचे ठरले. तो किंचित कमी गुणाचा, पण पाण्याला आणि किड्याला दाद न देणारा. पाहुण्यांसाठी ठेवलेली एक उशी आम्ही आईला न विचारता उसवली. आत सहाशे ग्रॅम माल निघाला.

प्रमाण किती, याविषयी जाणकारांत साधारण एकमत असे की एका लिटरला ८ ते १६ ग्रॅम. ऑस्ट्रेलियात थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे स्मॉल यांनी सत्तरीच्या आरंभी या पेट्यांचे गणित बांधून ठेवले आहे. त्यामुळे आता आमच्यासारख्यांनाही वही-पेन्सिल घेऊन बसता येते. थोरल्याच्या मुलीने तिच्या मोबाइलमधून हव्या त्या कंपनसंख्येचा सूर काढण्याची सोय केली. स्पीकरच्या वाटेत एक रेझिस्टर घातला, स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावला, आणि सूर हळूहळू चढवीत नेला. ज्या आकड्यावर मीटरचा काटा सर्वांत वर जातो तो पेटीतल्या स्पीकरचा डोलण्याचा वेग.

काम डाव्या पेटीपासून सुरू केले. रिकाम्या पेटीचा आकडा आला ९५. फायबर बोटांनी पिंजून मोकळा केला, स्पीकरच्या पाठीवर त्याचे तंतू जाऊ नयेत म्हणून मधे मलमलीचा पातळ तुकडा ताणला, आणि शंभर ग्रॅम भरून स्पीकर पुन्हा आवळला. ९२. दोनशे ग्रॅम, ८९. उत्साहाच्या भरात तीनशे, आकडा हलेना. चारशे ग्रॅम दाबून कोंबले, तेव्हा आकडा उलट ९१ वर चढला आणि आवाज गादीखालून यावा तसा मेला. तंतूंच्या मध्ये हवा राहिली तरच त्यांचा उपयोग. कोंबले की ते स्वतःच अडसर होतात. आम्ही दोनशेवर परत आलो.

९५ चे ८९ म्हणजे किती? हार्मोनियमच्या एका पट्टीहून किंचित अधिक. एवढ्यासाठी हा खटाटोप, असे कुणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हे. पण आकड्याने जे सांगितले नाही ते कानाने सांगितले. आईची ती 'घागर' गेली. पेटीच्या उघड्या सागवानी भिंतींवर आपटून मधले सूर पुन्हा कोनातून बाहेर येत, ते तंतूंनी गिळले. मधली गर्दी हटली तसे खालचे दिसू लागले. एक सावधगिरी मात्र वाचकांनी ठेवावी. हे सर्व हवाबंद पेटीचे. हल्लीच्या पुष्कळ तयार पेट्यांना पुढे किंवा मागे एक भोक आणि आत नळी असते. ती नळीच तिथे खर्ज देते. तिथे पेटी अशी गच्च भरली तर नळीचा श्वास कोंडतो आणि होता तोही खर्ज जातो. तशा पेटीत फक्त भिंतींना पातळ अस्तर द्यावे आणि नळीचे तोंड मोकळे ठेवावे.

आता भरलेली डावी आणि रिकामी उजवी यांची तुलना करावी, या हेतूने आम्ही आजवर कधी न केलेली गोष्ट केली. एकेक पेटी निरनिराळी वाजवून पाहिली. भरलेली डावी एकटी ऐकली, छान, भरदार. रिकामी उजवी ऐकली. पोकळ, तरी खाली काहीतरी होते. मग दोन्ही एकदम लावल्या, आणि खर्ज नाहीसा झाला.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. पुन्हा एक बंद केली, खर्ज आला. पुन्हा दोन्ही, गेला. दोन पेट्यांत एका पेटीहून कमी, असा हा उलटा हिशेब होता. धाकट्याने न बोलता भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. दीड व्होल्टचा तो सेल ॲम्प्लिफायरच्या बाजूने तारांना टेकविला की कोन उडी मारतो. धन टोक धन तारेला लावले तर पुढे यावयास हवा. डावी पेटी पुढे आली. उजवी मागे गेली.

उजव्या पेटीचे स्क्रू काढले. आत, स्पीकरच्या मागे, लाल ठिपका असलेल्या टोकाला काळ्या रेघेची तार होती. डाख आमचाच. १९८७ सालचा, चौदा आणि सतरा वर्षांच्या हातांचा, गोळ्यागोळ्यांचा, कच्चा दिसणारा आणि तरीही बत्तीस वर्षे न सुटलेला डाख. डावा स्पीकर हवा पुढे ढकलीत होता तेव्हा उजवा मागे ओढीत होता. उंच सुरांना याचे फारसे काही नाही. त्यांच्या लाटा वीतभरही लांब नसतात, त्या खोलीत कशाही मिसळतात. पण साठ कंपनांच्या सुराची एक लाट जवळजवळ १९ फूट लांब, आणि कोनाड्यांमधले अंतर सहा फूट. बहुतेक ध्वनिमुद्रणांत खर्ज दोन्ही बाजूंना सारखाच असतो. तो ओटीच्या मध्यावर, नेमका बाबांच्या आरामखुर्चीपाशी, येऊन स्वतःलाच पुसून टाकीत होता.

पेटीत हवा कमी होती हे खरे, आणि फायबरने थोडी वाढली हेही खरे. परंतु खर्जाचा मोठा हिस्सा पेटीच्या लहानपणाने नव्हे, तर आमच्या दोन उलट्या तारांनी खाल्ला होता. पेटी लहान हा निकाल आम्ही एका मिनिटात दिला होता. तारा तपासावयास त्याहून अधिक वेळ लागला नसता. पण चूक सुताराची असणार, याविषयी आम्हांस तेव्हा शंकाच आली नाही. आम्ही स्टिरिओचे पुस्तक वाचलेले आणि बाबा पुस्तक न वाचलेले.

त्या दुपारी तारा बदलल्या. उजवीतही दोनशे ग्रॅम भरले. दरम्यान आई उशी शोधीत आली, ओटीभर पसरलेले पांढरे ढग पाहिले, आणि 'पाहुण्यांना आता या पेटीवर डोकं ठेवायला सांगा' एवढेच म्हणून परत गेली.

संध्याकाळी बाबा वाडीतून आले. हातपाय धुऊन खुर्चीत बसले. सांगावे की न सांगावे, यावर आमची आधी बरीच कुजबुज झाली होती. 'फायबर घातला, आवाज सुधारला' एवढे सांगून भागण्यासारखे होते. ते खोटेही नव्हते. धाकट्याचे तसे मत होते. पण मग पेट्या लहान झाल्या होत्या हे वाक्य तसेच राहिले असते, आणि पुढच्या पाहुण्याला बाबांनी ते पुन्हा ऐकविले असते.

आधी गाणे लावले. एक जुने चित्रपटगीत, ज्यात ठेक्याखाली डबलबेस सावकाश पायऱ्या उतरतो. बाबांचे डोळे मिटलेले होते. चौथ्या-पाचव्या ओळीपाशी त्यांनी डोळे उघडले, उजवा हात लांब करून खुर्चीच्या लाकडी दांडीवर पालथा ठेवला आणि तो तसाच ठेवला. गाणे संपल्यावर त्यांनी तेच पुन्हा लावावयास सांगितले. दुसऱ्यांदा ऐकताना ते पायांतली चप्पल काढून बसले.

मग आम्ही सांगितले. मोठ्याने, तोंडासमोर तोंड नेऊन सांगावे लागले, त्यामुळे ते आत आईला, आणि कदाचित शेजारीही, ऐकू गेले. बाबांनी सगळे ऐकून घेतले.

'कोणत्या पेटीची तार?'

'उजव्या.'

'म्हणजे डावी पहिल्यापासून बरोबर होती.'

'दोन्ही पेट्या बरोबर होत्या, बाबा. तार आमची चुकली.'

ते जरा वेळ कोनाड्याकडे बघत राहिले. 'मग लहान नव्हत्या म्हणायच्या?'

आता खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. 'लहान होत्या,' थोरला म्हणाला, 'थोड्या.'

बाबा हसले. उठून उजव्या पेटीपाशी गेले, आठही स्क्रूंवरून अंगठा फिरविला आणि एका स्क्रूपाशी थांबून म्हणाले, 'हा एका दमात आवळलाय. ट्यूब एकीकडे दबली. सगळे सोडवा, आणि समोरासमोरचे दोन-दोन घेऊन थोडे थोडे आवळत या. पेचकस आणा, मी दाखवतो.'